मग बोलत कोण होतं

अक्काच्या अंगात देवी यायची त्याच्या आधी तिला वास यायचा, ही गोष्ट आम्हा घरच्यांना कधीच कळली नव्हती. तिनं सांगितली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती विचारली मंचरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी आमची वाडी पाहिलेली नव्हती, आमची देवी त्यांना माहीत नव्हती. टेबलापलीकडून त्यांनी सहज विचारलं, "पडायच्या आधी कसला वास येतो का हो तुम्हाला?" आणि अक्का खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

पण तिथवर पोचायला आम्हाला निम्मं आयुष्य लागलं. ते आधी सांगते.

आमची वाडी आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटमाथ्याच्या जरा अलीकडे. भात, नाचणी, वरई, आणि विकायला रानातला हिरडा. वाडीच्या वरच्या अंगाला देवीची राई आहे. त्या राईतली वाळकी काटकीही कुणी चुलीला आणत नाही. आम्ही तीन भावंडं. अक्का सगळ्यांत मोठी, मग दादा, मग पुष्कळ वर्षांनी मी. मी आता पेठला राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. अक्का दुसरीतून शाळा सुटलेली. स्वभावानं इतकी बुजरी, की घरी पाहुणं आलं की ती दाराआड उभी राहून पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. परक्या माणसाशी तिला दोन वाक्यं धड बोलता येत नसत.

तिचं लग्न जुन्नरच्या अंगाला, पिंपळवंडीला झालं. बागायती गाव, कांदा, ऊस. डोंगरातल्या पोरीला एवढं पाण्याचं गाव मिळालं म्हणून आई हरखून गेली होती. वर्षाच्या आतच सासरे स्वतः जीपनं तिला घेऊन आले. कांद्याच्या काढणीत ती दोनदा पडली होती, तोंडाला फेस आला होता. सासरे वाईट नव्हते. चहा घेतला, अंगणात बसले, आणि खाली मान घालून आबांना, आमच्या वडिलांना, म्हणाले, "पोरगी गुनाची हाय, पावणं. पन फेफऱ्याचं मानूस आमाला सांभाळाया जमायचं न्हाई." मग उठून गेले. अक्काचं गाठोडं ओट्यावरच राहिलं होतं. मी लहान होते. ते गाठोडं कुणी आत घेत नाही म्हणून मीच ओढत आत नेल्याचं मला आठवतं.

पुढची काही वर्षं अक्का गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहिली. सगळ्यांच्या मागून जेवायची. शेजारच्या बाया तिच्या हातात तान्ही पोरं देत नसत. ती रागवायची नाही. तिला ते रास्तच वाटत असावं.

मग चैत्रात देवीची जत्रा होती. राईच्या कडेला बाया बसल्या होत्या, त्यांत अक्काही होती. ती आडवी झाली, हातपाय ताणले, डोळे वर गेले. बाया बाजूला सरकल्या. थोड्या वेळानं ती उठून बसली आणि तिच्या तोंडून एक जाड, संथ आवाज आला. "माझ्या दारात पायतान घालून कोन आलंय?" मंचरहून आलेला एक हिरड्याचा व्यापारी खरंच चपला घालून उभा होता. तो गडबडून मागं पळाला. भगतानं पुढं होऊन अक्काच्या कपाळाला हळद लावली, बायांनी पदर पसरून डोकं टेकलं, आणि आमच्या घराचं नशीब त्या दुपारी फिरलं.

पडणं तेच होतं. पिंपळवंडीत त्याला फेफरं म्हणाले होते, आमच्याकडं वारं म्हणाले.

त्यानंतर दादा तिला "तुमी" म्हणायला लागला. आबाही. पहिलं ताट तिला जाऊ लागलं. मंगळवारी आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया नारळ, मूठभर तांदूळ घेऊन यायच्या. दर वेळी वारं यायचंच असं नाही. कधी ती नुसती बसून राहायची, मग बाया पुढच्या मंगळवारी यायच्या. पण आलं की तो आवाज छोटं छोटं बोलायचा. सुनेला माहेरी जाऊ दे. म्हातारीला घराबाहेर निजवू नको. बैल इकू नको, औंदा थांब. कुणाचं नुकसान होईल असं त्या आवाजानं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. वारं उतरलं की अक्का पाणी मागायची आणि पुन्हा दाराआड जायची.

माझं शिक्षणही त्या आवाजानंच झालं. दहावीनंतर आबांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. मुलगा चांगला होता, घर डोंगरातलंच होतं. एका मंगळवारी बाया बसलेल्या असताना अक्काला वारं आलं, आणि कुणी काही विचारायच्या आत आवाज आला, "धाकटीला खाली धाड. तिला आत्ता बांदू नको." आबा हात जोडून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, आईचं तर नाहीच, पण तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. जूनमध्ये मला घोडेगावच्या वसतिगृहात पोचवलं. तिथून मंचरचं कॉलेज, मग बी.एड. मेंदू, मज्जातंतू, विद्युत संदेश हे सगळं मी शिकले ते देवीनं धाडलं म्हणून.

मी एकदा अक्काला विचारलंही होतं, "तू माझ्यासाठी मुद्दाम बोललीस ना?"

ती वरई पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला काय ठावं, बाय? मी व्हते कुटं तितं?"

ती खोटं बोलत नव्हती. अक्काला खोटं बोलता येत नव्हतं, तिचे कान लाल व्हायचे.

कॉलेजात असताना मला अंदाज आला होता की हे काय आहे. पण अंदाज येणं आणि घरात उभं राहून ते बोलणं यांत फार अंतर होतं. बोलून करायचं काय होतं? तिला पुन्हा गोठ्याशेजारच्या खोलीत पाठवायचं? मी सुट्टीत घरी जायचे, सगळ्यांबरोबर डोकं टेकायचे. आबा गेले, आई गेली. माझं लग्न झालं, पेठला नोकरी लागली. अक्काचे केस पांढरे झाले. पडणं मात्र वाढत गेलं. मंगळवार पाहीना, राई पाहीना. विहिरीवर, बांधावर, कुठंही. प्रत्येक पडण्यामागं आवाज यायचा असंही राहिलं नाही.

मग एका लावणीला ती खाचरात पडली. पावसाची झड चालू होती, सगळ्यांच्या डोक्यावर इरली, कुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. दादानं वळून पाहिलं तर अक्काचं इरलं पाण्यावर पालथं आणि ती त्याखाली, तोंड चिखलात. त्यानं तिला ओढून काढलं तेव्हा ती निळी पडली होती. नाकातोंडातून चिखल काढला, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं श्वास आला. त्याच दिवशी त्यानं मला फोन केला. दादा कधी रडत नाही. फोनवर त्याचा आवाज चिरकत होता. "तुज्याकडच्या डाक्टरकडं ने तिला. देवी काय तिला बुडवाया न्हाई यायची. ह्ये दुसरंच काय तरी हाय."

अशी आम्ही मंचरला त्या मेंदूच्या डॉक्टरबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी वासाचं विचारलं आणि अक्का उठून उभी राहिली.

"येतो," ती म्हणाली. "हिरड्याचा. वाळत घातल्याला हिरडा भिजल्यावं येतो, तसा."

"आणि पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं होतं?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यांना समदं ठावं हाय गं." आणि मी धरायच्या आत ती टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं डॉक्टरबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या अवघडल्या. मला वाटलं होतं, दवाखान्यात आणून मी तिच्या देवीवर उठले असं तिला वाटेल. झालं उलटंच. इतकी वर्षं जे तिनं एकटीनं पाहिलं होतं ते ओळखणारं कुणीतरी तिला भेटलं होतं.

तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून आलेख काढला, पुण्याला जाऊन मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदू काढून कानाच्या वरच्या जागेवर पेन टेकवलं. म्हणाल्या, इथून फिट उठते. अक्का त्या टिंबाकडं पाहत राहिली.

"मंग हितंच येती व्हय ती?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "इथून फिट येते, आजी. देवीचं मला माहीत नाही."

मी विचारलं, "आणि ती बोलायची ते?"

त्या म्हणाल्या, "वास, पोटातून चढणं, पडणं हे आजाराचं. पण फिटमध्ये माणूस सहसा असं सलग, अर्थाचं बोलत नाही. शुद्धीवर येताना मनातलं काही बाहेर येत असेल. नक्की काय, ते मला नाही सांगता येणार."

अक्कानं ते नीट ऐकून घेतलं होतं. बाहेर औषधांच्या दुकानाशी उभ्या असताना ती मला म्हणाली, "म्हंजी गोळी पडन्याची हाय. बोलन्याची न्हाई."

गोळ्या लागू पडल्या. सुरुवातीला तिला पेठला माझ्याकडंच ठेवलं होतं. तिला झोप यायची, जिभेवर शब्द अडखळायचे, पण पडणं थांबलं. पुढच्या लावणीच्या आत ती वाडीला परत गेली आणि तिनं खाचरात उभी राहून दिवसभर रोपं लावली. दादानं मला फोन केला. "लई बेस झालं बाय," तो म्हणाला. आम्ही दोघं खरोखर आनंदात होतो. तो आनंद मी नाकारणार नाही. माझी बहीण चिखलात मरायची होती, ती मेली नाही.

पण मंगळवारी बाया येतच होत्या.

अक्का त्यांच्यासमोर बसायची. केस मोकळे सोडून, कपाळाला हळद लावून, पहिल्यासारखी. गोळी पडण्याची आहे, बोलण्याची नाही, असं तिला डॉक्टरबाईंकडूनच कळलेलं. तेव्हा देवीला यायला काही अडचण नव्हती. ती डोळे मिटून बसून राहायची. बायाही बसायच्या. मग एकेक उठून जायची. नारळ परत न्यायचा का ठेवायचा हे त्यांना कळत नसे.

त्या पावसाळ्यानंतर मी वाडीला गेले होते तेव्हा एक बाई आली. भीमाशंकराच्या बाजूच्या वाडीतली. तिची मुलगी नवऱ्याच्या घरून निघाली होती आणि माहेरी पोचली नव्हती. पोलिसांत कळवलं होतं, पण तिला तिथं कुणी उत्तर देत नव्हतं. ती अक्कासमोर बसून राहिली. दुपार झाली, ऊन अंगणाच्या पार झालं. शेवटी अक्कानं डोळे उघडले आणि म्हणाली, "न्हाई येत, बाई. काय करू?"

बाई उठली. तिला रडूही येत नव्हतं. माझ्याकडं बोट करून ती दादाला म्हणाली, "ह्या शिकलेलीनं देवी घालवली तुमच्या घरातली." आणि डोंगर उतरून गेली. ती मुलगी सापडली का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी अक्का ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाय, तू शिकल्याली हाईस. मला एक सांग. येवढी वर्सं बोलत कोन व्हतं?"

मी वर्गात बोलते तशी बोलले. सोपं, सावकाश. "तूच बोलत होतीस, अक्का. तुझ्या मनात जे असायचं, जे तुला बोलायला धीर व्हायचा नाही, ते तेव्हा बाहेर यायचं."

ती म्हणाली, "मला तर एवडं बोलाया येत न्हाई."

माझं उत्तर बहुधा बरोबर होतं. पण ते उत्तर ज्या माणसाचं होतं, त्या माणसाला त्यात स्वतःची ओळख पटली नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही पटली नसती.

त्याच वर्षी आमच्या शाळेत विज्ञान दिनाला एक पाहुणे आले होते. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, विज्ञान आणि अध्यात्म या एकाच सत्याकडं जाणाऱ्या दोन वाटा आहेत, दोन्ही सारख्याच खऱ्या. टाळ्या पडल्या. आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. मी मानले. पण खुर्च्या उचलताना मी चडफडत होते. सारख्या खऱ्या कशा? पुजलेल्या नारळानं अक्काचं पडणं थांबलं नव्हतं, गोळीनं थांबलं. तिथं तुलनाच नव्हती. मग दुसरं मन म्हणायचं, आणि अक्काला गोठ्यातून ओट्यावर कुणी आणलं? गोळीनं? ती माणसांत बसली, तिचं ताट पहिलं वाढलं गेलं, मी शिकले, हे काय खोटं होतं? पण जे ओट्यावर बसवतं ते खरं असलंच पाहिजे, असंही नाही. हे मी स्वतःशी पुष्कळ वेळा बोलले आहे. दर वेळी एका जागी येऊन थांबते. वाटा दोन आहेत असं म्हणायला माणूस त्या दोन्हींच्या बाहेर उभा असावा लागतो. अक्काचं डोकं एकच होतं, आणि सगळं त्याच्या आतच चाललं होतं.

हळूहळू मंगळवार ओस पडले. दादा पुन्हा तिला "तू" म्हणू लागला. मुद्दाम नाही. बहुधा त्याला कळलंही नसेल. ताट आता कुणाचं आधी वाढायचं याला काही नेम राहिला नव्हता. वैनी वाईट नाही, पण ज्या बाईसमोर ती वीस माणसांत वाकायची, तिला ती आता परकरी पोरीसारखी सांगायची, "अक्का, त्या कोंबड्या हाकल की. बसलीस काय?" अक्का उठून कोंबड्या हाकलायची.

पुढच्या उन्हाळ्यात दादाचा पुन्हा फोन आला. अक्का चुलीपाशी पडली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात मी पोचले तेव्हा हाताला पट्टी बांधून ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून शरमली. तिचे कान लाल झाले, तेव्हाच मला समजलं.

"गोळ्या कधीपासून बंद केल्यास?"

"दिवाळीपासनं."

"कशाला, अक्का?"

"बगायचं व्हतं."

"काय बघायचं होतं?"

ती तुटक तुटक सांगत गेली. आयुष्यात ती माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती. "गोळी चालू व्हती तवा पडत न्हवते. ती बी येत न्हवती. मी म्हनलं, डाक्टरीनबाई कायबी म्हनू दे, गोळीच दारात आडवी हाय. म्हून गोळी काडली. मंग पडाया लागले. घरात कुनाला कळू दिलं न्हाई. वास आला. पोटातनं वर चडलं. समदं पयल्यावानी. मी वाट बगत व्हते, बाय. दर टायमाला. पन पुडं कुनीच न्हाई. नुसतीच पडते. उटते तर एकटीच."

ती पट्टीकडं पाहत होती.

"गोळीचा काय दोस न्हाई त्यात. तुजा बी न्हाई. ती आपली आपन गेली. मला सोडून गेली."

मी विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. माझ्या बहिणीनं ते आपल्या अंगावर करून पाहिलं होतं आणि जे दिसलं ते मान्य केलं होतं. माझ्या ओठांवर एक खोटं आलं होतं, की औषधाचा अंमल फार दिवस राहतो, तो उतरला की येईल देवी. तेवढं म्हटलं असतं तर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं असतं. पण मग तिनं गोळ्या पुन्हा बंद केल्या असत्या. मी तिच्या भाजलेल्या हाताखाली उशी सरकवली. पलीकडच्या खाटेवर कुणाचं तरी पोरगं रडत होतं. अक्का म्हणाली, "दे आता गोळी. आता कशाला ऱ्हाऊ तशी?"

हात बरा झाला, पण बोटं पुरती वळत नाहीत. लावणी संपली तिच्यापुरती. वैनीला घरात आगीची भीती बसली, आणि ती भीती खोटी नव्हती. दादा एक दिवस तिला पिशवीसकट पेठला घेऊन आला. चहा घेतला. जाताना मला बाजूला बोलावून म्हणाला, "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. तितं आता तिचं काय ऱ्हायलं न्हाई." तो तिच्याकडं न पाहताच रस्त्यापर्यंत गेला. मग परत आला, तिच्या पायाशी वाकला, आणि पुन्हा गेला.

अक्का वाडी सोडायच्या आधी तिथं एक गोष्ट घडली होती, ती तिनं मला इथं आल्यावर सांगितली. खालच्या आळीतल्या एका तरुण सुनेच्या अंगात देवी यायला लागली होती. बाया आता तिच्याकडं जात होत्या. अक्काही गेली. सगळ्यांत मागं बसली, आपली पाळी आल्यावर पुढं झाली, आणि आपलं गाऱ्हाणं घातलं.

"काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"म्हनलं, माजं काय चुकलं?"

"मग?"

"ती म्हनली, तुज्या घरात इटाळ झालाय, राईत पाच नारळ फोड. मंग समद्या गेल्यावं मी त्या पोरीला इचारलं, तुला आदी वास येतो का गं? ती म्हनली, कसला वास? मी म्हनलं, पोटातनं चडतं का? तिला काय कळंना. ती न्हवं बाय. तिच्यात कुनी न्हाई."

"कुणाला सांगितलंस का?"

"मी आता कोन, माजं ऐकाया?"

म्हणजे अक्काचा देवीवरचा विश्वास गेलेला नव्हता. खरी देवी कशी असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती फक्त आता कुठंच नव्हती. माझा विश्वास कधीचाच सुटला होता, पण त्यानं मला एवढं एकटं कधी केलं नव्हतं. मला वाटायचं, देव मानणारा आणि न मानणारा असे दोनच प्रकार असतात. अक्का तिसरीच होती.

आता ती आमच्याकडं असते. सकाळी उठून गोळी घेते, आठवण करावी लागत नाही. डाव्या हातानं लसूण सोलते. दुपारी ओट्यावर बसते. समोरून नाशिक रस्त्याची वाहनं जात राहतात, ती त्यांच्याकडं बघते, पण बघते असंही म्हणवत नाही. डॉक्टरबाई खूश आहेत. पुष्कळ दिवसांत एकही फिट नाही. गेल्या खेपेला त्यांनी तिला विचारलं, "आता काही त्रास?" ती म्हणाली, "कायच न्हाई." डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

नवरात्रात ती घटासमोर बसत नाही. मी घट मांडते, आमच्या ह्यांच्या घरची रीत आहे म्हणून. ती स्वयंपाकघरात असते. आरतीला ये म्हटलं तर येते, मागं उभी राहते, टाळ्या वाजवते.

या दिवाळीनंतर आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिला कुठून तरी कळलं होतं की अक्काच्या अंगात पूर्वी यायचं. तिच्या सुनेला मूल राहत नव्हतं, मुलगा घर सोडून जायच्या गोष्टी करत होता. नारळ घेऊन ती ओट्यावर अक्कासमोर बसली आणि पदर पसरला. मी आतून ऐकत होते. अक्का म्हणाली, "बाई, नारळ परत न्या. माज्यात कुनी न्हाई."

बाईला ते ऐकूच गेलं नाही. ती सांगत राहिली. सुनेचं, मुलाचं, मग नवऱ्याचं, मग स्वतःच्या माहेरचं. रडली. अक्का अधूनमधून हूं म्हणत होती. चहा नेऊन दिला तेव्हा बाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. उन्हं कलल्यावर ती उठली, डोळे पुसले, नारळ मात्र ठेवूनच गेली.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"काय सांगू? मला काय ठावं?"

"मग एवढा वेळ?"

"आयकलं."

दुसऱ्या दिवशी अक्का दुपारी ओट्यावर लवकर जाऊन बसली. केस विंचरलेले होते. तिसऱ्या दिवशीही. तो आठवडा ती मागच्या गल्लीच्या तोंडाकडं बघत असायची, वाहनांकडं नाही. ती बाई परत आली नाही. पुढं कधीतरी ती मला भाजीच्या बाजारात भेटली, सुनेला पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवलंय म्हणाली, आणि घाईत होती. मी घरी येऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं." मग आत जाऊन पाणी प्यायली, आणि परत येऊन बसली.